एसक्यूएल सर्व्हरला बिझनेस अ‍ॅप जोडताय? लॉगिनची पद्धत आधी ठरवा

तुमच्या कंपनीत मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर आहे. त्यावर ईआरपी चालतं, पगाराचं सॉफ्टवेअर चालतं, अकाउंट्सवाल्यांच्या एक्सेल शीट त्यातूनच आकडे ओढतात आणि आता साहेबांना पॉवर बीआयचा डॅशबोर्ड हवा आहे. हे सगळं सांभाळायचं काम नुकतंच तुमच्या अंगावर आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

हे काम करताना मी जे सतत पाहत आलो ते आधी सांगतो. बहुतेक ठिकाणी सगळी सॉफ्टवेअरं एकाच लॉगिननं जोडलेली असतात, आणि ते लॉगिन बहुधा 'एसए' असतं, म्हणजे सर्व्हरवर वाट्टेल ते करू शकणारं. हा निर्णय कुणी विचार करून घेतलेला नसतो. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसानं पासवर्ड मागितला, घाईत कुणीतरी दिला, अ‍ॅप चालू झालं आणि विषय मिटला. पुढे तो पासवर्ड व्हेंडरकडे, सोडून गेलेल्या दोन कर्मचाऱ्यांकडे आणि कुठल्यातरी शेअर्ड फोल्डरमधल्या फाइलमध्ये राहतो. बदलायची कुणाची हिंमत होत नाही, कारण बदलल्यावर नेमकं काय बंद पडेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

पद्धत निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: या जोडणीसाठी कुठे पासवर्ड लिहून ठेवावा लागणार आहे का? लिहून ठेवावाच लागणार नाही अशी पद्धत मिळत असेल तर तीच घ्यायची. उरलेल्या जागी पासवर्ड ठेवायचा, पण प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती आणि तो कुठे आहे: ऑफिसातल्या मशीनवर, भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, की मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर अझूर एसक्यूएल डेटाबेस म्हणून
- कंपनीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन (कंपनीची मशीनं आणि खाती एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) आहे का, आणि त्याचा अ‍ॅडमिन कोण
- मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरात असेल तर एंट्रा आयडी या क्लाउडवरच्या खात्यांच्या व्यवस्थेचे अ‍ॅडमिन अधिकार असलेली व्यक्ती (अझूर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव २०२३ मध्ये बदलून हे झालं)
- प्रत्येक सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशनचं कागदपत्र, आणि व्हेंडरचं लेखी उत्तर: "तुमचं अ‍ॅप विंडोज ऑथेंटिकेशननं चालतं का? कमीत कमी कोणत्या परवानग्या लागतात?" (विंडोज ऑथेंटिकेशन म्हणजे वेगळा पासवर्ड न मागता विंडोजच्या खात्यावरच ओळख पटवणं)
- एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ (सर्व्हर सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), आणि चाचणीसाठी सर्व्हरव्यतिरिक्त दुसरं एखादं मशीन

व्हेंडरचं उत्तर लेखीच घ्या. फोनवर नेहमी "एसएच लागेल" असं सांगतात. ईमेलवर विचारलं की बरेचदा कळतं, की इन्स्टॉल करताना मोठे अधिकार लागतात, रोजच्या चालण्याला नाही.

१. सध्या कोण जोडलेलं आहे ते बघा

आठवून यादी करू नका, सर्व्हरलाच विचारा. 'सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स' या व्ह्यूमध्ये (सर्व्हर स्वतः भरतो त्या यादीत) लॉगिनचं नाव, मशीनचं नाव आणि प्रोग्रामचं नाव दिसतं. 'सिस.डीएम_एक्झेक_कनेक्शन्स'मधला 'ऑथ_स्कीम' हा कॉलम सांगतो की जोडणी एसक्यूएल लॉगिननं (सर्व्हरवरच काढलेल्या नाव-पासवर्डानं) झाली, की एनटीएलएम किंवा केर्बेरॉसनं; या दोन विंडोजच्या ओळख पटवायच्या पद्धती, पहिली जुनी. दोन्ही जोडून दर काही मिनिटांनी एका टेबलात साठवणारा जॉब लावा आणि तो किमान एक महिनाअखेर पार होईपर्यंत चालू ठेवा. पगाराचं काम, जीएसटीचे रिपोर्ट, स्टॉकचा मेळ अशा गोष्टी महिन्यातून एकदाच जागतात.

प्रोग्रामच्या नावाच्या जागी नुसतं डॉट नेटचं (सॉफ्टवेअर लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीचं) साधं नाव दिसलं, तर अ‍ॅपच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (कोणत्या सर्व्हरला कसं जोडायचं ते लिहिलेल्या ओळीत) 'अ‍ॅप्लिकेशन नेम' भरून घ्या. एका ओळीचं काम आहे, आणि पुढे शोधाशोध वाचते.

२. दारात कोण उभं आहे: माणूस की अ‍ॅप?

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

डेटाबेसला दोन प्रकारे जोडता येतं. एकात प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या ओळखीनं आत येतो. दुसऱ्यात अ‍ॅपची स्वतःची एक ओळख असते. कर्मचारी अ‍ॅपमध्ये लॉगिन करतो आणि अ‍ॅप सगळ्यांच्या वतीनं डेटाबेसशी बोलतं.

पहिला प्रकार ऐकायला जास्त सुरक्षित वाटतो, कारण कोणी काय केलं ते डेटाबेसला थेट दिसतं. पण त्यात एक खोच आहे. स्टोअर्समधल्या कर्मचाऱ्याला अ‍ॅपमधून स्टॉकची नोंद करायची, तर त्याच्या विंडोज खात्याला त्या टेबलावर लिहायची परवानगी द्यावी लागते. मग तोच कर्मचारी अ‍ॅक्सेस उघडून, अ‍ॅपमधल्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवून, थेट टेबलात आकडा बदलू शकतो. हे टाळायचं तर टेबलावर परवानगी न देता फक्त स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, ठरलेलं काम करणारा कोड) चालवायची परवानगी द्यायची. अ‍ॅप तसं लिहिलेलं नसेल, तर हा प्रकार लिहिण्याच्या कामाला वापरू नका. नुसत्या वाचण्याच्या कामाला, म्हणजे रिपोर्टला, तो उत्तम आहे.

दुसरी अडचण वेगाची. डॉट नेटमध्ये कनेक्शनचा पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) कनेक्शन स्ट्रिंग आणि विंडोज ओळख या दोन्हींवर ठरतो. दोनशे जण आपापल्या ओळखीनं आले तर दोनशे वेगळे पूल. एकाचं मोकळं कनेक्शन दुसऱ्याला मिळत नाही. वेब अ‍ॅपला हे झेपत नाही.

अ‍ॅपच्या ओळखीत उलटी अडचण असते. डेटाबेसच्या नोंदीत सगळीकडे एकच नाव दिसतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून त्यावर चांगला उपाय आहे: अ‍ॅपनं कनेक्शन घेतल्याबरोबर 'एसपी_सेट_सेशन_कॉन्टेक्स्ट' वापरून खऱ्या वापरकर्त्याचं नाव सेशनमध्ये ठेवायचं आणि 'रीड ओन्ली' लावायचं, म्हणजे नंतर कुणाला ते बदलता येत नाही. ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड) आणि रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय) ते नाव वाचू शकतात. तुमचं अ‍ॅप कंपनीतच लिहिलं जात असेल तर डेव्हलपरकडे याचा आग्रह धरा.

माझा कल असा: वेब अ‍ॅप, ईआरपी, मोबाइल अ‍ॅपचा मागचा भाग यांना अ‍ॅपची ओळख, एक्सेल, पॉवर बीआय डेस्कटॉप, मॅनेजमेंट स्टुडिओ यांना माणसाची. आणि माणसांची वेगवेगळी लॉगिनं काढत बसू नका. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत 'रिपोर्ट वाचणारे' असा ग्रुप करा आणि त्या ग्रुपचं लॉगिन काढा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं डोमेन खातं बंद होतं आणि डेटाबेसचं दारही आपोआप बंद होतं. ग्रुपमध्ये नवीन माणूस घातल्यावर त्याला एकदा लॉग ऑफ करून परत यायला सांगा. त्याशिवाय नवा ग्रुप त्याला लागू होत नाही, आणि तुम्ही उगाच सर्व्हरवर चूक शोधत बसता.

३. सगळं एकाच डोमेनमध्ये असेल, तर विंडोज ऑथेंटिकेशन

अ‍ॅप सर्व्हर आणि डेटाबेस सर्व्हर दोन्ही डोमेनमध्ये असतील तर दुसरा विचारच करू नका. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'इंटिग्रेटेड सिक्युरिटी' लिहायचं, पासवर्ड कुठेच लिहायचा नाही.

अ‍ॅपसाठी ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट काढा. सगळे त्याला जीएमएसए म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. या खात्याचा पासवर्ड डोमेन स्वतः बनवतं आणि ठरावीक काळानं, मुळात ३० दिवसांनी, स्वतःच बदलतं. तो कुणाही माणसाला पाठ नसतो. आयआयएसचा (विंडोजच्या वेब सर्व्हरचा) अ‍ॅप पूल, विंडोज सर्व्हिस आणि टास्क शेड्युलर या तिन्हींना हे खातं चालतं. खातं लावताना नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यायचं आणि पासवर्डचा रकाना रिकामा सोडायचा. डोमेनमध्ये पहिल्यांदाच जीएमएसए काढत असाल तर आधी केडीएस रूट की (डोमेन ज्यावरून हे पासवर्ड बनवतं ती किल्ली) तयार करावी लागते आणि ती वापरण्याजोगी व्हायला १० तास धरावे लागतात. म्हणून हे काम आदल्या संध्याकाळी करून ठेवा.

यातले नेहमीचे खड्डे:

*मशीनच्या खात्याला परवानगी.* आयआयएसचा अ‍ॅप पूल मूळ सेटिंगवर असेल तर नेटवर्कवर तो मशीनच्या नावानं ओळखला जातो. त्या मशीनच्या खात्याला डेटाबेसची परवानगी दिली की अ‍ॅप चालतं खरं, पण त्या मशीनवर तसंच सेटिंग असलेल्या इतर सगळ्या साइट्सनाही तीच परवानगी मिळते.

*एसपीएन (सर्व्हिस प्रिन्सिपल नेम).* केर्बेरॉस चालायला डेटाबेस सर्व्हरच्या सर्व्हिसचं नाव डोमेनमध्ये नोंदलेलं लागतं. सर्व्हिस साध्या डोमेन खात्यावर चालत असेल तर त्या खात्याला ही नोंद स्वतः करायची परवानगी सहसा नसते, आणि जोडणी गुपचूप एनटीएलएमवर उतरते. एनटीएलएम मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये कालबाह्य ठरवलं आहे, तेव्हा नवी मांडणी त्याच्या भरवशावर करू नका. 'सेटएसपीएन' कमांडला 'एल' हा पर्याय देऊन नोंदी बघा आणि 'एक्स' देऊन दुहेरी नोंदी शोधा. एकच नाव दोन खात्यांवर नोंदलं गेलं की 'कॅनॉट जनरेट एसएसपीआय कॉन्टेक्स्ट' ही प्रसिद्ध चूक येते. मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तरी केर्बेरॉस अडतं, म्हणून घड्याळंही तपासा.

चाचणी सर्व्हरवरच बसून करू नका. त्याच मशीनवरून जोडलं की एनटीएलएम दिसणं नेहमीचं आहे. दुसऱ्या मशीनवरून जोडा आणि 'ऑथ_स्कीम'मध्ये केर्बेरॉस दिसतंय का बघा.

*दुसरी उडी.* वापरकर्ता वेब सर्व्हरवर आला आणि वेब सर्व्हर त्याच्याच ओळखीनं डेटाबेसकडे जाऊ लागला, तर डेटाबेसच्या लॉगमध्ये 'अ‍ॅनॉनिमस लॉगऑन' दिसतं. विंडोज ही ओळख आपणहून पुढे नेऊ देत नाही. त्यासाठी डोमेन अ‍ॅडमिनला कन्स्ट्रेन्ड डेलिगेशन (ठरावीक सर्व्हिसपुरती ओळख पुढे न्यायची मुभा) लावावं लागतं. ते लावायच्या आधी क्रमांक २ पुन्हा वाचा. बऱ्याचदा तिथे अ‍ॅपची ओळखच पुरेशी असते.

४. एसक्यूएल लॉगिन टाळताच येत नसेल तर

लिनक्सवरचं जुनं अ‍ॅप, डोमेनबाहेरचं बारकोड स्कॅनर, व्हेंडरचं बंद सॉफ्टवेअर, डोमेनच नसलेलं लहान ऑफिस. अशा जागी नाव-पासवर्डाचं एसक्यूएल लॉगिन वापरावं लागतं आणि त्यात गैर काही नाही. सर्व्हर 'मिक्स्ड मोड'मध्ये, म्हणजे विंडोज आणि एसक्यूएल दोन्ही लॉगिनं स्वीकारणारा, लागतो. मोड बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, म्हणून ते कामाच्या वेळेत करू नका.

एसए मात्र अ‍ॅपला द्यायचंच नाही. मे २००२ मध्ये पसरलेला स्पायडा नावाचा वर्म एवढंच करायचा: १४३३ पोर्टवर उघडे सर्व्हर शोधायचे आणि रिकाम्या पासवर्डानं एसए म्हणून आत शिरायचं. आजही १४३३ इंटरनेटवर उघडं ठेवलं की लॉगमध्ये एसएच्या नावानं फसलेल्या लॉगिनची रांग लागते. एसए डिसेबल करा, पोर्ट इंटरनेटवरून बंद करा.

प्रत्येक अ‍ॅपला शक्य तर दोन लॉगिनं काढा, समजा 'ईआरपी_अ' आणि 'ईआरपी_ब', दोन्ही एकाच रोलमध्ये (परवानग्यांच्या गटात). अ‍ॅप 'अ'वर चालू असताना 'ब'चा पासवर्ड बदलायचा, मग अ‍ॅपला 'ब'वर न्यायचं. पुढच्या खेपेला उलट. पासवर्ड बदलण्यासाठी अ‍ॅप बंद ठेवावं लागत नाही, आणि बंद ठेवावं लागत नाही म्हणून तो खरोखर बदलला जातो. लॉगिन काढताना 'चेक_पॉलिसी' (पासवर्ड पुरेसा अवघड आहे ना ही तपासणी) चालूच ठेवा, पण अ‍ॅपच्या लॉगिनला 'चेक_एक्स्पिरेशन' (पासवर्डाची मुदत) लावू नका. मुदत संपते तेव्हा पासवर्ड बदला म्हणून अ‍ॅपला सांगायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

पासवर्ड सोर्स कोडमध्ये, गिटमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देऊ नका. वेब.कॉन्फिगमध्ये ठेवायचाच असेल तर कनेक्शन स्ट्रिंगचा भाग 'एएसपीनेट_रेगआयआयएस'नं एन्क्रिप्ट करा. अझूर वापरत असाल तर तिथली पासवर्डांची तिजोरी, की व्हॉल्ट, आहेच.

बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर केला आणि अ‍ॅपला लॉगिन होईना, असं इथेच घडतं. डेटाबेसमधला यूजर आणि सर्व्हरवरचं लॉगिन एसआयडी नावाच्या क्रमांकानं जोडलेले असतात. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन काढलं तरी एसआयडी वेगळा येतो. 'ऑल्टर यूजर' कमांडनं यूजर नव्या लॉगिनला जोडला की काम होतं. दोन सर्व्हर कायमचे ठेवणार असाल तर दुसऱ्यावर लॉगिन काढतानाच पहिल्याचा एसआयडी द्या.

५. डेटाबेस अझूरमध्ये असेल तर

अझूर एसक्यूएल डेटाबेसला जुनं विंडोज ऑथेंटिकेशन चालत नाही. तिथे एंट्रा आयडी. अ‍ॅपही अझूरमध्येच चालत असेल तर मॅनेज्ड आयडेंटिटी (अझूरच देतं आणि सांभाळतं ती ओळख) घ्या. तिथेही पासवर्ड नाही, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये फक्त 'ऑथेंटिकेशन' या नावापुढे 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मॅनेज्ड आयडेंटिटी' लिहायचं.

क्रम असा: सर्व्हरला एंट्रा अ‍ॅडमिन नेमा (एका माणसाऐवजी ग्रुप नेमलेला बरा), त्या अ‍ॅडमिननं डेटाबेसमध्ये शिरून 'क्रिएट यूजर' कमांडला 'फ्रॉम एक्स्टर्नल प्रोव्हायडर' जोडून अ‍ॅपच्या नावाचा यूजर काढायचा, मग त्याला रोल द्यायचा. ही कमांड एसक्यूएल लॉगिननं शिरून चालवायला गेलात तर नकार मिळतो.

आयडेंटिटी दोन प्रकारच्या असतात. सिस्टिम-असाइन्ड ही त्या अ‍ॅपबरोबर जन्मते आणि अ‍ॅप डिलीट केलं की जाते. त्याच नावानं अ‍ॅप पुन्हा उभं केलं तरी आतला क्रमांक बदलतो आणि डेटाबेसमधला जुना यूजर निरुपयोगी होतो. अ‍ॅप वारंवार नव्यानं उभं करत असाल तर यूजर-असाइन्ड घ्या.

अ‍ॅप अझूरबाहेर असेल तर सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे एंट्रात नोंदलेली त्याची ओळख. त्याच्या सीक्रेटला (पासवर्डाला) मुदत असते, पोर्टलवरून जास्तीत जास्त २४ महिने. ती तारीख काढणाऱ्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकू नका, टीमच्या सामाईक कॅलेंडरमध्ये टाका. सीक्रेटऐवजी सर्टिफिकेट वापरता आलं तर अधिक चांगलं.

एखाद्या कर्मचाऱ्याचं ईमेल आणि पासवर्ड अ‍ॅपमध्ये भरून काम भागवू नका. त्या खात्यावर ओटीपीची दुसरी पायरी लागली त्या दिवशी अ‍ॅप बंद पडेल.

६. पॉवर अ‍ॅप्स, पॉवर बीआय, एक्सेल

पॉवर अ‍ॅप्समध्ये एसक्यूएल सर्व्हरची जोडणी करताना पद्धत विचारली जाते. एंट्रा निवडलं तर प्रत्येक वापरकर्ता स्वतःच्या ओळखीनं जातो. एसक्यूएल लॉगिन किंवा विंडोज निवडलं तर ती जोडणी तुमच्या ओळखीची असते, आणि अ‍ॅप शेअर केलं की तिच्यावरच सगळे चालतात. पूर्वी अशी जोडणी वापरून दुसरा माणूस स्वतःचं वेगळं अ‍ॅपही बनवू शकायचा. नव्या अ‍ॅप्समध्ये हे सावरलं आहे, पण जुनी अ‍ॅप्स पुन्हा पब्लिश करून घ्यावी लागतात. स्क्रीनवर फिल्टर लावून 'आपल्याच शाखेचा डेटा' दाखवला म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं धरू नका. मर्यादा डेटाबेसमध्येच घाला.

पॉवर बीआयमध्ये इम्पोर्ट पद्धतीनं डेटा घेतला तर डेटाबेसला फक्त गेटवेत (पॉवर बीआय आणि ऑफिसातला डेटाबेस यांच्यातल्या दुव्यात) साठवलेलं खातं दिसतं, रिपोर्ट बघणारा माणूस दिसत नाही. म्हणून कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते तिथे पॉवर बीआयच्या मॉडेलमध्येच ठरवावं लागतं. गेटवेसाठी फक्त वाचणारं वेगळं खातं ठेवा.

एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या कनेक्शनमध्ये 'सेव्ह पासवर्ड'ची खूण असते. ती लावली की पासवर्ड फाइलमध्ये उघडा राहतो आणि फाइलबरोबर ईमेलनं फिरतो. एक्सेलला विंडोज किंवा एंट्राच द्या.

७. आत आल्यावर किती मोकळीक

अ‍ॅपला 'डीबी_ओनर' (डेटाबेसवर सगळे अधिकार देणारा रोल) देऊ नका. स्वतःचा रोल काढा, त्याला हव्या त्या स्कीमावर (टेबलांच्या गटावर) हव्या त्या परवानग्या द्या, लॉगिन त्या रोलमध्ये घाला. आवृत्ती बदलताना टेबलांची रचना बदलायला मोठे अधिकार लागतात. त्यासाठी वेगळं लॉगिन ठेवा आणि काम झालं की डिसेबल करा.

आपल्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. अ‍ॅपमधली नोंद कितीही चांगली असली, तरी दहा जणांकडे एसए असेल तर अ‍ॅपला वळसा घालून थेट डेटाबेसमध्ये बदल करता येतो. ऑडिटर हे विचारतात.

८. एन्क्रिप्शनची चूक दडपू नका

ओडीबीसी ड्रायव्हर १८ आणि मायक्रोसॉफ्ट डेटा एसक्यूएल क्लायंट ४.० या डेटाबेसला जोडणाऱ्या ड्रायव्हरांपासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. ड्रायव्हर बदलल्यावर सर्टिफिकेटवर विश्वास नाही अशी चूक येते आणि इंटरनेटवर एकच उपाय सांगतात: 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालू करा. तसं केलं की पलीकडचा सर्व्हर खरा आहे का, ही तपासणीच बंद होते. चाचणीपुरतं ठीक, खऱ्या सर्व्हरला नीट सर्टिफिकेट बसवा.

९. 'लॉगिन फेल्ड' आल्यावर कुठे बघायचं

चूक क्रमांक १८४५६. अ‍ॅपला मुद्दाम 'स्टेट १' एवढंच सांगितलं जातं, घुसखोराला मदत होऊ नये म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतं:

- स्टेट ५: असं लॉगिनच नाही
- स्टेट ७: लॉगिन डिसेबल आहे, शिवाय पासवर्डही चुकला
- स्टेट ८: पासवर्ड चुकला
- स्टेट १८: पासवर्ड बदलायला हवा
- स्टेट ३८: मागितलेला डेटाबेस सापडला नाही, बहुधा नाव चुकलं
- स्टेट ५८: सर्व्हर फक्त विंडोज मोडमध्ये आहे आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिन वापरताय

सर्व्हर मुळात फक्त फसलेली लॉगिनं नोंदवतो आणि एरर लॉगच्या जुन्या सहाच फाइली ठेवतो. दर रीस्टार्टला एक फाइल मागे सरकते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. म्हणून फाइलींची संख्या वाढवा (९९ पर्यंत जाते) आणि लॉग दुसरीकडेही साठवा.

१०. जुनं लॉगिन काढून टाकताना

एका वेळी एकच अ‍ॅप हलवा, सगळ्यात साधं आधी. प्रत्येक अ‍ॅप हलवल्यावर क्रमांक १ मधली यादी पुन्हा बघा. जुन्या लॉगिनवर कोणीच उरलं नाही असं दिसलं की ते डिसेबल करा, लगेच डिलीट करू नका. लिंक्ड सर्व्हरमध्ये (एका एसक्यूएल सर्व्हरनं दुसऱ्याला जोडायच्या सेटिंगमध्ये) ते साठवलेलं आहे का बघा. एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसच्या) एखाद्या जॉबचं मालक तेच असेल तर लॉगिन डिलीट होणार नाही, आधी मालक बदलावा लागेल.

डिसेबल केल्यावर लॉगमध्ये त्या नावानं फसलेली लॉगिनं येतात का ते पाहत राहा. हिशेबाशी जोडलेला सर्व्हर असेल तर ३१ मार्चचं काम पूर्ण होईपर्यंत थांबा, कारण वर्षातून एकदाच चालणारे रिपोर्ट तेव्हाच वर येतात. त्यानंतर डिलीट करा.